ड्रायव्हर का अडला? कर्नलच्या एका बंद पर्यायाची गोष्ट

(दीपनगर येथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

आजचा विषय ऐकायला किचकट आहे, पण तो दीपनगरात सांगणं मला सोपं जाणार आहे. इथे पुढच्या रांगेत बसलेल्यांपैकी बऱ्याच जणांनी औष्णिक केंद्राच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या काढल्या आहेत. इंटरलॉक म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायची गरज नाही. आणि मागे जी मुलं-मुली बसली आहेत, त्यांच्या लॅपटॉपवर लिनक्स आहे, पण इंटरलॉक कदाचित पुस्तकातच पाहिलेला आहे. आज या दोन्ही रांगांची एकमेकांशी गाठ घालून द्यायची आहे.

समजा, रावेरकडच्या एखाद्या केळीच्या बागेत ठिबकचं वेळापत्रक सांभाळायला कोणी हाताच्या पंजाएवढा लिनक्स बोर्ड बसवला. बोर्डाला वायरची जोडणी नाही, म्हणून वाय-फायचा यूएसबी डोंगल लावला. डोंगलचा ड्रायव्हर कर्नलबरोबर आलेला नाही. मग चिप बनवणाऱ्याचा सोर्स कोड उतरवून घेतला, फोल्डरमध्ये जाऊन ‘मेक’ दिलं. पाच-पन्नास ओळी सरसर वर गेल्या आणि बिल्ड थांबला. संदेश काय? तर ‘स्ट्रक्ट नेट_डिव्हाइस’ मध्ये ‘वायरलेस_हँडलर्स’ नावाचा सदस्यच नाही.

इथे दोन रस्ते फुटतात. एका रस्त्याने चूक दिसेनाशी होते, दुसऱ्याने ती सुटते. दिसेनाशी करणं दोन मिनिटांचं काम आहे. पण मे महिन्यात, जळगावचा पारा चव्वेचाळीसवर असताना, तो बोर्ड मध्यरात्री गचकला आणि ठिबक बंद पडलं, तर त्या दोन मिनिटांची किंमत केळीचा खोड भरतो. म्हणून आज दोन्ही रस्ते बघू.

कर्नल एकच नसतो

आधी एक गैरसमज दूर करू. आपण म्हणतो, ‘माझ्याकडे लिनक्स कर्नल अमुक आवृत्तीचा आहे.’ पण एकाच आवृत्तीचे दोन कर्नल सारखे असतीलच असं नाही. कर्नलच्या सोर्समध्ये हजारो पर्याय आहेत. प्रत्येक पर्यायाला तीनपैकी एक उत्तर द्यायचं असतं: कर्नलमध्येच घाल, वेगळं मॉड्यूल म्हणून बांध, किंवा घालूच नको. काही पर्यायांना फक्त हो किंवा नाही. ही सगळी उत्तरं ‘डॉट कॉन्फिग’ नावाच्या साध्या फाइलमध्ये बसतात. ती उत्तरं मांडायची आजची पद्धत, म्हणजे केकॉन्फिग, २००२ साली २.५ मालिकेत आली.

आता महत्त्वाचा मुद्दा. या उत्तरांवर फक्त कुठल्या फाइल बांधायच्या एवढंच ठरत नाही, कर्नलच्या आतल्या रचनांचा आकारसुद्धा ठरतो. ‘नेट_डिव्हाइस’ ही अशीच एक रचना. जाळ्याशी जोडलेल्या प्रत्येक साधनाचं ते कार्ड समजा: नाव, पत्ता, पाठवायचं कसं, थांबवायचं कसं. त्या कार्डावरचा ‘वायरलेस_हँडलर्स’ हा रकाना एका अटीच्या आत लिहिलेला आहे. ‘कॉन्फिग_वायरलेस_एक्स्ट’ हा पर्याय सुरू असेल तरच रकाना छापला जातो. पर्याय बंद असेल तर कार्डावर ती ओळ कोरीसुद्धा नसते, ती ओळच नसते.

म्हणजे कंपायलर खरं बोलतोय. ड्रायव्हर म्हणतो, ‘या रकान्यात हे भरा.’ कंपायलर म्हणतो, ‘तुमच्या कार्डावर असा रकाना नाही.’ ड्रायव्हरच्या कोडमध्ये चूक नाही, कंपायलरमध्ये नाही, तुमच्या टायपिंगमध्ये नाही. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने जो कर्नल गृहीत धरला, तो हा नव्हे, इतकंच.

संदेश कुठे आणि कसा वाचायचा

बिल्ड अडला की आपण सगळ्यात खालची ओळ वाचतो. तिथे लिहिलेलं असतं, ‘मेक: एरर २’. त्यातून काहीही कळत नाही. ती ओळ म्हणजे संच ट्रिप झाल्यावर वाजणारा भोंगा. भोंग्यावरून कारण कळत नाही, कारण शोधायला पहिला अलार्म कोणता आला ते बघावं लागतं. इथेही तसंच. वर जा आणि ‘एरर’ शब्द पहिल्यांदा कुठे आला ते शोधा. एकाच वेळी चार-आठ कामं लावून मेक चालवलं असेल तर ओळी एकमेकींत मिसळतात, म्हणून शोधताना एकच काम लावून पुन्हा चालवा. ड्रायव्हर डीकेएमएसमार्फत आपोआप बांधला जात असेल, तर पडद्यावर फक्त भोंगाच दिसतो. पूर्ण मजकूर त्याच्या बिल्ड फोल्डरातल्या ‘मेक डॉट लॉग’ मध्ये सापडतो.

हाच आजार तीन ठिकाणी तीन रूपांत दिसतो. पहिलं रूप कंपाइल होताना: सदस्य नाही, किंवा हेडर फाइल नाही. दुसरं रूप शेवटच्या जोडणीत, ज्याला मॉडपोस्ट म्हणतात: अमुक फंक्शन कुणीच पुरवत नाही. तिसरं रूप मॉड्यूल चढवताना: ‘अननोन सिम्बॉल’. तिन्हींचा अर्थ बहुतेक वेळा एकच असतो. ड्रायव्हरला कर्नलकडून काहीतरी हवंय आणि या कर्नलने ते बांधलेलं नाही. सर्वांत स्वस्तात सुटतं ते पहिलं रूप, कारण तेव्हा अजून काही बिघडलेलं नसतं.

मग तपासायचं काय? चालू कर्नलची उत्तरपत्रिका. बऱ्याच वितरणांत ती बूट फोल्डरमध्ये ‘कॉन्फिग’ आणि पुढे आवृत्ती अशा नावाने असते. ‘युनेम हायफन आर’ दिलं की आवृत्ती कळते. छोट्या बोर्डांवर पुष्कळदा ती ‘प्रॉक’ मध्ये ‘कॉन्फिग डॉट जीझेड’ म्हणून मिळते, अर्थात कर्नल बांधताना ती सोय ठेवली असेल तर. त्यात ‘वायरलेस_एक्स्ट’ शोधा.

इथे नवख्यांना हमखास चकवणारी एक गोष्ट आहे. बंद पर्याय फाइलमध्ये ‘नाही’ असा लिहिलेला नसतो. सुरुवातीला हॅशचं चिन्ह, आणि पुढे ‘इज नॉट सेट’, अशी शेऱ्यासारखी ओळ असते. आणि काही पर्यायांची तर ओळच नसते. ओळ नसणं हीसुद्धा माहितीच आहे: एकतर त्या पर्यायाची पूर्वअट पूर्ण नाही, किंवा तो पर्याय माणसाला विचारलाच जात नाही. आपला ‘वायरलेस_एक्स्ट’ या दुसऱ्या जातीचा आहे.

परमिसिव्ह आणि ऑटो-स्टार्ट

आता पुढच्या रांगेची मदत घेतो. बॉयलर पेटवताना एफडी फॅन आधी लावता येतो का? (प्रेक्षकांतून: नाही, आधी आयडी.) बरोबर. धूर ओढून घेणारा आयडी फॅन फिरत असल्याशिवाय हवा आत ढकलणारा एफडी फॅन सुरू होत नाही, नाहीतर भट्टीत दाब चढेल. कंट्रोल रूममध्ये तुम्ही एफडीचं बटण कितीही दाबा, परमिसिव्ह आलेली नसेल तर तो जागचा हलत नाही. केकॉन्फिगमध्ये याला म्हणतात ‘डिपेंड्स ऑन’. अमुक सुरू असेल तरच तमुक विचारला जाईल.

दुसरा प्रकार. टर्बाइनच्या ल्यूब ऑइलचा दाब घसरला तर राखीव पंप कुणी सुरू करतो का? तो आपला आपण सुरू होतो. त्यासाठी कुणी ऑपरेटरची परवानगी विचारत नाही. केकॉन्फिगमध्ये याला म्हणतात ‘सिलेक्ट’. एखादा ड्रायव्हर निवडला की त्याला लागणारा पर्याय तो स्वतःच चालू करून घेतो.

‘वायरलेस_एक्स्ट’ हा फक्त ‘सिलेक्ट’ नेच चालू होणारा पर्याय आहे. मेन्यूत त्याच्यासमोर चौकट नाही. म्हणून ‘मेक मेन्यूकॉन्फिग’ उघडून तासभर शोधलं तरी तो सापडत नाही. मग लोक डॉट कॉन्फिग फाइल उघडतात आणि हाताने एक ओळ लिहितात: कॉन्फिग_वायरलेस_एक्स्ट बरोबर वाय. पुढच्या वेळी मेक चालतं तेव्हा केकॉन्फिग सगळी उत्तरं पुन्हा तपासतो, हा पर्याय कुणी सिलेक्ट केलेला नाही हे बघतो आणि ती ओळ गुपचूप काढून टाकतो. ‘मी तर लिहिलं होतं, गेलं कुठे?’ याचं उत्तर हे आहे.

शोधायची खरी किल्ली मेन्यूकॉन्फिगमध्येच आहे. स्लॅशची कळ दाबा, नाव टाका. पर्याय कुठे आहे, कशावर अवलंबून आहे आणि कोण त्याला सिलेक्ट करतं, सगळं एका पडद्यावर येतं. आपल्या पर्यायासाठी त्या यादीत इंटेलचे जुने आयपीडब्ल्यू२१०० आणि आयपीडब्ल्यू२२०० हे ड्रायव्हर दिसतात. जुन्या लॅपटॉपांतली ही वाय-फाय कार्डं.

इथेच एका कोड्याचं उत्तर मिळतं: ‘माझ्या लॅपटॉपवर हाच ड्रायव्हर बांधला गेला, बोर्डावर का नाही?’ मोठ्या वितरणांच्या लॅपटॉपसाठीच्या कर्नलमध्ये हे जुने ड्रायव्हरही बहुधा बांधलेले असतात. त्यांच्या पुण्याईने ‘वायरलेस_एक्स्ट’ चालू असतो. बोर्डाचा कर्नल सडपातळ ठेवलेला असतो, त्यात इंटेलचं जुनं कार्ड कशाला असेल? ते नाही, म्हणून सिलेक्ट नाही, म्हणून रकाना नाही.

हा पर्याय बाजूला का पडला

वायरलेस एक्स्टेन्शन्स ही लिनक्समधली वाय-फाय सांभाळण्याची जुनी पद्धत. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात ह्युलेट-पॅकार्डमधल्या ज्याँ तूरिल्ह यांनी ती घडवली. ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ हा हुकूम ज्यांनी वापरला आहे, त्यांनी हीच पद्धत वापरली. पुढे वाय-फाय गुंतागुंतीचं झालं आणि २००७ च्या सुमारास ‘सीएफजी८०२११’ ही नवी चौकट कर्नलमध्ये आली. आजचा ‘आयडब्ल्यू’ हा हुकूम तिच्याशी बोलतो. जुनी पद्धत एकदम काढली तर जुनी साधनं बंद पडतील, म्हणून ती ठेवली, पण गरज असेल तेव्हाच उघडेल अशा कपाटात.

या कपाटाशेजारी एक सारख्या नावाचं कपाट आहे, ‘सीएफजी८०२११_वेक्स्ट’. जुने हुकूम नव्या चौकटीवर चालावेत म्हणून दिलेली ती सोय. मेन्यूत हा पर्याय दिसतो, म्हणून लोक तो चालू करतात, कर्नल पुन्हा बांधतात, आणि चूक जशीच्या तशी. कारण ‘नेट_डिव्हाइस’ मधला रकाना या पर्यायावर नाही, ‘वायरलेस_एक्स्ट’ वर अवलंबून आहे. नाव सारखं दिसलं म्हणून किल्ली लागेलच असं नाही.

जंपर लावायचा मोह

आता तो दोन मिनिटांचा रस्ता. ड्रायव्हरच्या मेकफाइलमध्ये एक ओळ वाढवायची, ‘वायरलेस_एक्स्ट चालू आहे असं समज’ अशा अर्थाची. किंवा हेडर फाइलमधली अटच पुसून टाकायची. ड्रायव्हर बांधला जातो. चूक गायब. सगळे खूश.

पुढच्या रांगेतल्या मंडळींच्या कपाळावर आठ्या आल्या, त्या मला दिसल्या. हे म्हणजे इंटरलॉकच्या टर्मिनलवर वायरचा तुकडा लावून परमिसिव्ह खोटी दाखवणं. पॅनलवर हिरवा दिवा लागतो, पण आयडी फॅन काही फिरत नसतो.

नेमकं काय होतं ते बघू. कर्नलच्या ४ मालिकेतलं उदाहरण घेऊ. त्या अटीच्या आत दोन पॉइंटर आहेत. ६४ बिटांच्या यंत्रावर प्रत्येकी ८ बाइट, म्हणजे एकूण १६. त्यांच्या लगेच खाली ‘नेटडेव्ह_ऑप्स’ हा पॉइंटर आहे. साधन सुरू कसं करायचं, पॅकेट पाठवायचं कसं, या सगळ्या फंक्शनांचा तक्ता कुठे आहे, ते तो सांगतो. चालू कर्नल बांधला गेला तेव्हा हे १६ बाइट नव्हते. तुमचा ड्रायव्हर मात्र ते आहेत असं धरून चालतो. त्यामुळे त्या जागेपासून खालचा प्रत्येक रकाना ड्रायव्हरच्या हिशेबात १६ बाइट पुढे सरकतो.

ड्रायव्हर ‘वायरलेस_हँडलर्स’ समजून जिथे लिहितो, तिथे कर्नल ‘नेटडेव्ह_ऑप्स’ शोधतो. साधनाची नोंदणी करताना कर्नल त्या तक्त्यातलं पहिलं फंक्शन बोलावायला जातो. तिथे फंक्शन नसतं, वायरलेसच्या हँडलरांच्या यादीचा पत्ता असतो. कर्नल त्या पत्त्यावर उडी मारतो. पुढचं सांगायला नको.

आणि हा तर नशीबवान प्रसंग, कारण मशीन लगेच पडलं आणि कुठे बिघडलं ते कळलं. घसरलेला रकाना एखादा आकडा किंवा क्वचित वापरला जाणारा पॉइंटर असेल, तर मशीन चार दिवस नीट चालतं आणि पाचव्या रात्री कारण न सांगता थांबतं.

‘मॉड्यूल चढवताना कर्नल तपासणी करतो ना?’ करतो. पण तो आवृत्तीची खूण बघतो, आणि तशी सोय चालू असेल तर प्रत्येक सिम्बॉलचा एक आकडा पडताळतो. हा आकडा मॉड्यूल बांधताना कर्नलच्याच यादीतून घेतला जातो. तुम्ही मेकफाइलमध्ये जे खोटं सांगितलं, त्याची नोंद त्या यादीत कुठेच होत नाही. म्हणजे ही तपासणीही हिरवा दिवा दाखवते. खोटं पकडणारी एकच जागा होती, ती म्हणजे कंपायलरचा तो संदेश. आणि आपण त्याचंच तोंड बंद केलं.

सरळ रस्ते

तीन आहेत. सोप्याकडून अवघडाकडे जाऊ.

पहिला. ड्रायव्हरला तो रकाना खरंच हवा आहे का, ते बघा. आजचे बहुतेक वाय-फाय ड्रायव्हर ‘सीएफजी८०२११’ वर चालू शकतात, जुनी पद्धत फक्त जोडीला ठेवलेली असते. ड्रायव्हरच्या नव्या आवृत्तीत तो रकाना भरणारी ओळ पर्यायाच्या अटीत घातलेली असू शकते, म्हणून आधी नवी आवृत्ती बघा. नसेल तर तीच अट आपण त्या ओळीभोवती घालू शकतो. म्हणजे कर्नलमध्ये रकाना असेल तर भरेल, नसेल तर सोडून देईल. याला जंपर म्हणायचं नाही. जंपर ‘नाही’ ला ‘आहे’ म्हणतो, ही अट ‘नाही’ ला ‘नाही’ च म्हणते. तोटा एवढाच की ‘आयडब्ल्यूकॉन्फिग’ सारखे जुने हुकूम चालणार नाहीत. ‘आयडब्ल्यू’ आणि डब्ल्यूपीए सप्लिकंट चालतील. ठिबकच्या बोर्डाला तेवढं पुरे.

दुसरा. जुनी पद्धत लागतेच, तर कर्नल नव्याने बांधा. सिलेक्ट करणारा एखादा ड्रायव्हर मॉड्यूल म्हणून निवडा. ते कार्ड तुमच्याकडे नसलं तरी चालतं, त्याच्यामागून ‘वायरलेस_एक्स्ट’ येतो. अडचण अशी की आयपीडब्ल्यूच्या दोन्ही ड्रायव्हरांना पीसीआयची पूर्वअट आहे. बोर्डाच्या कर्नलमध्ये पीसीआय नसेल तर ते मेन्यूत येणारच नाहीत.

तिसरा. ड्रायव्हरचं फोल्डर कर्नलच्या सोर्समध्ये वायरलेस ड्रायव्हरांच्या शेजारी ठेवा, तिथल्या मेकफाइलमध्ये आणि केकॉन्फिगमध्ये त्याची नोंद करा, आणि त्याच्या केकॉन्फिगमध्ये ‘सिलेक्ट वायरलेस_एक्स्ट’ असं लिहा. ड्रायव्हरला काय लागतं ते ड्रायव्हरनेच सांगायचं, ही कर्नलची पद्धत. कर्नलबाहेर बांधलेला ड्रायव्हर हे सांगूच शकत नाही, कारण तो येतो तोवर कर्नल बांधून झालेला असतो. आपल्या सगळ्या कहाणीचं मूळ इथे आहे.

दुसऱ्या आणि तिसऱ्या रस्त्यावर एक पथ्य कडक पाळा. कार्डाचा आकार बदलला म्हणजे जुनी मॉड्यूलं चालणार नाहीत. कर्नल, त्याची सगळी मॉड्यूलं आणि बाहेरचा ड्रायव्हर, सगळं एकाच उत्तरपत्रिकेवर बांधा आणि त्याच कर्नलवर मशीन सुरू करा. बांधण्याआधी जुनी आणि नवी कॉन्फिग फाइल शेजारी ठेवून फरक बघा. कर्नलच्या ‘स्क्रिप्ट्स’ फोल्डरमध्ये त्यासाठी ‘डिफकॉन्फिग’ नावाचं साधन आहे. एका पर्यायासाठी गेलात आणि फरकात दोनशे ओळी आल्या, तर तिथेच थांबा.

प्रश्नोत्तरं

*प्रश्न: सर, नेटवर एक ओळ कॉपी करून टाकली की चालतं असं सगळे सांगतात. दर वेळी एवढं खोलात जायचं का?*

ओळ कॉपी करायला माझी हरकत नाही. फक्त टाकण्याआधी एक प्रश्न विचारायचा: ही ओळ कर्नल बदलते, की कर्नलविषयी ड्रायव्हरची समजूत बदलते? कर्नल बदलत असेल तर विचार करा. नुसतीच समजूत बदलत असेल आणि ती खोटी असेल, तर ओळ टाकू नका.

*प्रश्न: हेडरच्या फोल्डरातली कॉन्फिग बदलली तर? तिथे तर आपण कर्नलचीच फाइल बदलतो.*

हेडर म्हणजे बांधून झालेल्या कर्नलचा नकाशा. नकाशावर खोली काढली म्हणून घरात खोली तयार होत नाही. परिणाम मेकफाइलच्या जंपरसारखाच.

*प्रश्न: आम्ही प्लांटमध्ये बायपास कधीच करत नाही असं नाही. परमिट घेऊन, नोंद करून करतो. मग इथे का नाही?*

काका, तुम्ही फार नेमकं बोललात. प्लांटमधल्या बायपासला नोंद असते, सही असते, मुदत असते, आणि पाळी बदलताना तो पुढच्याला सांगितला जातो. मेकफाइलमधली ती ओळ कुणी कुणाला सांगत नाही. सहा महिन्यांनी दुसराच कोणी बोर्ड हातात घेतो, त्याला वाटतं डोंगल खराब आहे. म्हणून ड्रायव्हरमध्ये काहीही बदल केला, अगदी योग्य बदल केला तरी, त्या फोल्डरात एक साधी मजकूर-फाइल ठेवा: काय बदललं, का बदललं, कोणत्या कर्नलवर बांधलं. मागच्या रांगेने पुढच्या रांगेकडून ही सवय जरूर उचलावी.